स्वतःची पदवी स्वतः आखता येते का? नाशिकच्या विद्यार्थ्यांनी प्रवेशाआधी काय बघावं?

समजा, दिंडोरीतल्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलीला वनस्पतीशास्त्र शिकायचंय. सोबत मार्केटिंग हवंय आणि निर्यातीच्या कामासाठी एखादी परदेशी भाषाही. काही वर्षांपूर्वी तिला एकच प्रश्न विचारला गेला असता: आर्ट्स, कॉमर्स की सायन्स? आज उत्तर थोडं बदललंय. पण किती?

परदेशात काय होतं?

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गॅलाटिन स्कूलची सुरुवात 1972 मध्ये झाली. तिथे विद्यार्थी मार्गदर्शक प्राध्यापकासोबत बसून स्वतःचा अभ्यासक्रम आखतो आणि शेवटी तोंडी परीक्षेत त्यामागचा विचार मांडतो.

आपल्याकडे काय आहे?

एवढी मोकळीक आपल्याकडे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं. महाराष्ट्रात ते 2023-24 पासून स्वायत्त कॉलेजांत आणि 2024-25 पासून संलग्न कॉलेजांत लागू झालं. नाशिकची बहुतेक पारंपरिक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे इथेही तीच रचना आहे: एक मुख्य विषय म्हणजे मेजर, एक मायनर, दुसऱ्या शाखेतले खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे कोर्स आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव.

म्हणजे वनस्पतीशास्त्रासोबत मार्केटिंग नियमात बसू शकतं. पण ते मिळेल का, हे कॉलेजच्या यादीवर ठरतं. शिकवायला प्राध्यापक नसेल किंवा तासांची वेळ जुळत नसेल, तर कागदावरचा पर्याय कागदावरच राहतो. खरी मेख इथेच आहे. मोठ्या कॉलेजात पर्याय जास्त, तालुक्याच्या ठिकाणी कमी.

मग पर्याय कसे वाढवायचे?

पहिला मार्ग 'स्वयम' पोर्टलचा. यूजीसीच्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून करता येतात, पण कॉलेज आणि विद्यापीठाने ते मान्य करायला हवेत.

दुसरा मार्ग दोन पदव्यांचा. 2022 पासून एक पदवी नियमित कॉलेजातून आणि दुसरी दूरशिक्षणातून एकाच वेळी घेता येते. नाशिककरांसाठी हे सोयीचं, कारण 1989 मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ इथेच आहे.

मिळवलेले क्रेडिट 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा होतात. पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवलं, तर अटी पूर्ण करून प्रमाणपत्र मिळतं आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा. घरच्या अडचणीमुळे कॉलेज सोडावं लागलं, तरी केलेला अभ्यास वाया जात नाही.

अर्ज भरण्याआधी हे विचारा

• मला हवा असलेला मायनर या वर्षी खरोखर शिकवला जातोय का? मागच्या वर्षी किती मुलांनी घेतला?
• 'स्वयम'चे कोणते कोर्स मान्य आहेत? हे लेखी मिळेल का?
• पुढे एमएस्सी किंवा बीएड करायचं असेल, तर माझा मेजर चालेल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एमपीएससीच्या राज्यसेवेसाठी साधारणपणे कोणतीही पदवी चालते. पण पदव्युत्तर प्रवेशात अनेक ठिकाणी मेजर बघितला जातो. मायनर आवडीने निवडा, पण मेजर मात्र पुढची वाट बघूनच ठरवा.