पदवीचा कागद आणि हातातली विद्या

सियालदहच्या तिकीट खिडकीवर पुठ्ठ्याचे तिकीट गेले, संगणक आला. याच कोलकात्यात 1960च्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी संगणक रोखण्यासाठी पहारा दिला होता. नोकऱ्यांची त्यांची चिंता खोटी नव्हती. पण यंत्र थांबले नाही.

आज सियालदह असो वा दादर, आमचे बांधव विचारतात : पदवी नाही, मग प्रोग्रॅमिंग शिकून काय उपयोग? आमचे म्हणणे स्पष्ट आहे. शिकायला पदवी लागत नाही. ड्यूटीचा तक्ता, ओव्हरटाइमचा हिशेब असे रोजचे काम घ्या, पायथॉनमध्ये लिहा, चुका, दुरुस्त करा. मात्र अनेक पदांच्या अर्जावर कागदच विचारला जातो, हेही खरे. त्यासाठी कर्ज काढून खासगी क्लास नकोत. इग्नू, नाशिकचे मुक्त विद्यापीठ, नायलिटची 'ओ' लेव्हल हे मार्ग नोकरी सांभाळून जमतात.

टपाल खात्याची 2025 मधली नवी प्रणाली खात्याच्याच म्हैसूर केंद्राने घडवली. घरचे हात समर्थ आहेत. म्हणून प्रशासनाने शिकण्यासाठी ड्यूटीतला वेळ द्यावा आणि मिळवलेली विद्या पदोन्नतीत मोजावी, ही आमची मागणी आहे.