पॉसमला बिस्किटं, शेवाळाला टापा

"दुर्मिळ तेच मौल्यवान" हा हिशेब सोनाराच्या दुकानात ठीक आहे हो. निसर्गाला लावला की काय घोळ होतो ते ऑस्ट्रेलियन आल्प्समध्ये बघा.

तिथे माउंटन पिग्मी पॉसम राहतो. कांगारूसारखाच पिशवीवाला, पण वजन जेमतेम ४५ ग्रॅम. १८९५ साली रॉबर्ट ब्रूमने जीवाश्मावरून त्याचं वर्णन केलं, म्हणजे स्वारी केव्हाच संपलेली असं धरून. आणि १९६६ मध्ये हीच स्वारी माउंट हॉथमच्या एका स्की-लॉजमध्ये जिवंत सापडली! आता अंदाजे दोनेक हजार उरलेत. नरांना माद्यांपर्यंत जाता यावं म्हणून ऐंशीच्या दशकात रस्त्याखालून बोगदे काढले. २०१७ नंतर त्याचं आवडतं खाणं, बोगाँग पतंग, एकाएकी आटले, तेव्हा प्राणिसंग्रहालयाने खास बिस्किटं बनवली. छानच. त्या बिस्किटांबद्दल माझी काडीची तक्रार नाही.

त्याच डोंगरांवर स्फॅग्नम नावाचं शेवाळ आहे, पावसाळ्यात आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर येतं त्याचं लांबचं भावंड. तिथली मुख्य जात न्यूझीलंडमध्येही मुबलक. त्यामुळे "शेवाळ काय, कुठेही उगवतं" हे ठरलेलं वाक्य. हेच माझ्या डोक्यात जातं. कोरड्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरून ठेवणारं हे शेवाळ वितळलेल्या बर्फाचं पाणी सावकाश सोडत राहतं. मरे, मरंबिजी, स्नोई या नद्या याच डोंगरांत उगम पावतात. शेवाळाखालचा पीटचा थर वाढतो शतकाला काही सेंटिमीटर. रानघोड्यांचा कळप तो एका दुपारीत तुडवतो. चर पडतो, पाणी निसटतं, पीट वाळतं, आणि २००३ सारखा वणवा आला की जळूनही जातं. मग तेच शेवाळ न्यूझीलंडमध्ये ढिगाने आहे, याचं त्या नद्यांनी काय लोणचं घालायचं?

२००९ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने या स्फॅग्नमच्या दलदली धोक्यातल्या यादीत घातल्या. म्हणजे जात सुरक्षित, दलदल धोक्यात! प्रोग्रामरला यात नवल नाही. डेटा बरोबर आहे, टेबलच भलत्या गोष्टीचं बनवलंय. पॉसम डोकी मोजून कळतो. शेवाळाचं मात्र जगात किती आहे हे विचारून भागत नाही, या उतारावर किती उरलंय ते विचारावं लागतं.

पण घोडे हटवा म्हटलं की लगेच "आमचा वारसा" सुरू. घोड्याला आयाळ आहे, पॉसमला टपोरे डोळे आहेत. शेवाळाला यातलं काहीच नाही. २००३ च्या वणव्यानंतर काही माणसं जळक्या दलदलींत वाळल्या गवताचे गठ्ठे लावून पाणी अडवत होती. त्यांचं पोस्टर काही मी कुठे पाहिलं नाही.