सरनामा आणि त्याची कसोटी

दरवर्षी २६ नोव्हेंबर रोजी शाळांतून, कचेऱ्यांतून आणि सभागृहांतून राज्यघटनेच्या उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते. महाराष्ट्रातील शाळांत हे वाचन नित्याचे व्हावे, असा सरकारी आदेशही २०२० च्या जानेवारीत निघाला. मुलांच्या मुखी ही वाक्ये बसावीत, यात वावगे काहीच नाही. परंतु जे केवळ स्तोत्राप्रमाणे म्हटले जाते, त्याचा अर्थ विचारण्याची सवय हळूहळू मोडते. म्हणून ही उद्देशिका कशासाठी आहे, हा मूळ प्रश्न उपस्थित करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

घटनासमितीत हा प्रश्न आरंभीच निघाला होता. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी ध्येयविषयक ठराव मांडला. चारच दिवसांनी त्यावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्यातील उणीव दाखविली. हक्कांची घोषणा झाली. पण हक्क भंगल्यास दाद कशी मागावी, याचा त्यात मागमूस नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने मूळ ठरावात नसलेला एक शब्द उद्देशिकेत घातला. तो शब्द म्हणजे बंधुता. फेब्रुवारी १९४८ मध्ये हा मसुदा सादर झाला, तेव्हा गांधीजींच्या हत्येस अवघे तीन आठवडे लोटले होते आणि फाळणीच्या जखमा वाहत होत्या. बंधुभावाची इतकी निकड पूर्वी कधीच नव्हती, असे समितीने त्याचे कारण दिले. कलमांची चर्चा आटोपल्यावर, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटनासमितीने उद्देशिका विचारात घेतली. घटनेच्या शिरोभागी असलेला हा मजकूर असा कामाच्या अखेरीस, सर्व कलमे डोळ्यांपुढे ठेवून, पक्का करण्यात आला.

पुढील वाद कायदेपंडितांचे आहेत. उद्देशिका घटनेचा भाग नव्हे, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिले. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेच फिरविले. १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ या शब्दांविरुद्धचे अर्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळले गेले. या दोन शब्दांवर पुष्कळ शाई खर्च झाली. पण ज्यांविषयी कोणाचाच वाद नाही, त्या न्याय आणि बंधुता या शब्दांचे प्रत्यक्षात काय झाले, याची चौकशी मात्र क्वचितच होते.

ती करावयाची तर पालघर जिल्ह्यासारखे दुसरे ठिकाण नाही. दिल्लीत ध्येयाचा ठराव शब्दबद्ध होत होता, त्याच सुमारास तलासरी-डहाणूच्या रानांत गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली शेतकरी वेठीविरुद्ध उभे राहिले होते. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराच्या घरी पिढ्या राबविणारी ती रीत होती. वेठबिगारीला मनाई करणारे २३ वे कलम लिहिले जाण्यापूर्वीच या माणसांनी, गोळीबार सोसून, त्यासाठी लढा दिला होता. व्यक्तीची प्रतिष्ठा म्हणजे काय, हे त्यांना कोणी पढविलेले नव्हते.

याच जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ मध्ये देशाचे पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. आता डहाणू तालुक्यात वाढवण येथे सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चाचे बंदर होत आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. मासेमारीवर पोट असलेल्या किनाऱ्यावरील कुटुंबांचा त्यास विरोध आहे. वीज नको, बंदर नको, असे आम्ही म्हणत नाही. मुंबईतील आमच्या घरांत दिवे लागावेत, कारखाने चालावेत, ही आमचीही निकड आहे. परंतु राष्ट्रासाठी त्याग करावा, असे आपण ज्यांस सांगतो, त्यांना आपण बंधू मानतो की वाटेतील अडचण, याचे उत्तर आपण दिलेच पाहिजे. भाऊ म्हणून जो घर सोडतो, त्यास आधी विचारावे लागते. आणि त्याचे नवे घर उभे राहिल्यावाचून जुने पाडता येत नाही. एवढाच बंधुतेचा व्यवहारी अर्थ आहे.

यासाठी नवा कायदा नको. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी वा पंचायतीशी विचारविनिमय करावा, असे १९९६ चा कायदा सांगतोच. हा विचारविनिमय मनापासून झाला की कागदापुरता, हे तपासण्याची फूटपट्टी उद्देशिकेत आहे. तिच्या बळावर सर्वसामान्य नागरिक न्यायालयाबाहेरही सरकारला जाब विचारू शकतो. आमच्या मते हाच तिचा मुख्य उपयोग होय.

उद्देशिकेला मराठीत रूढ झालेला शब्द ‘सरनामा’ हा आहे. सरनामा म्हणजे पत्राच्या माथ्यावरील नाव. घटनेचे हे पत्र सर्व भारतीयांच्या नावे लिहिलेले आहे. ते वाढवणच्या किनाऱ्यावर आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पोहोचले किंवा नाही, याची विचारपूस यंदाच्या वाचनानंतर तरी व्हावी. तशी ती होणार नसेल, तर मोठ्याने वाचल्याने पत्र पोहोचत नसते, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.