हात धुण्याचा वेळ कोण देणार?

इंजेक्शन देण्यापूर्वी, सलाईन लावण्यापूर्वी, लघवीची नळी घालण्यापूर्वी परिचारिकेने हात स्वच्छ केलेच पाहिजेत, याबद्दल आमच्यात दुमत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. (ती सक्ती डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांवर होती, सुईणींच्या विभागात मृत्यू आधीपासूनच कमी होते, हे जाता जाता सांगितलेले बरे.)

आमचा प्रश्न वेळेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अल्कोहोलच्या द्रावणाने हात चोळायला २० ते ३० सेकंद, तर साबणाने धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. आता हिशेब करा. रात्रपाळीला ४० खाटांचा वॉर्ड, परिचारिका एकच. प्रत्येक रुग्णाला एक इंजेक्शन आणि त्यापूर्वी ३० सेकंद धरले तरी २० मिनिटे होतात. द्रावण नसेल, नुसता साबण असेल तर ४० मिनिटे, आणि वॉर्डाच्या टोकाच्या नळापर्यंतच्या ४० खेपा वेगळ्याच. रुग्णाला हात लावल्यानंतरही हात स्वच्छ करायचे असतात, ते यात धरलेलेच नाही. ही मिनिटे कोणत्या ड्यूटी-तक्त्यात आहेत? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. तो कागदावर राहतो, जागा रिकाम्या राहतात, आणि जखम चिघळली की मेमो मात्र परिचारिकेच्या हाती पडतो.

हे द्रावण काही परदेशातून आणावे लागत नाही. इथेनॉल, ग्लिसरीन आणि थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड यांपासून ते रुग्णालयाच्या औषधशाळेत बनवण्याची कृती याच संघटनेने दिली आहे. ग्लिसरीनमुळे त्वचा कोरडी पडण्याचे प्रमाण कमी होते. हात फुटणे हाही आमच्या भगिनींचा व्यवसायजन्य आजारच आहे.

भगिनींनाही स्पष्ट सांगतो : हातमोजे घातले म्हणजे हात धुतले असे नव्हे. अंगठ्या-बांगड्या काढा. हात मळलेले दिसत असतील तर द्रावण चालणार नाही, साबण-पाणीच हवे.

पुढील मागणीपत्रात प्रत्येक खाटेजवळ द्रावणाची बाटली, प्रत्येक वॉर्डात वाहते पाणी आणि निकषाप्रमाणे भरती या मागण्या वेतनश्रेणीच्या जोडीने मांडल्या जातील. सर्व राज्यांतील शाखांनी आपापल्या रुग्णालयातील वॉर्डवार खाटा, चालू नळ आणि पाळीनिहाय परिचारिकांची संख्या महिनाअखेरपर्यंत मध्यवर्ती कार्यालयाकडे लेखी कळवावी.