आपली वही आपल्याच कपाटात



इंग्लंडात १५३८ साली थॉमस क्रॉमवेलचा हुकूम निघाला आणि प्रत्येक पॅरिशच्या चर्चला बाप्तिस्मा, लग्न, दफन वहीत लिहिणे भाग पडले. म्हणून आमच्या कॉव्हेंट्रीभोवतीच्या लहानशा खेड्यातला माणूसही वॉरिकच्या काउंटी रेकॉर्ड ऑफिसात जाऊन पणजोबाच्या पणजोबाचा माग काढू शकतो. गावातली निवृत्त मंडळी थडग्यांवरचे लेख उतरवून घेतात, जुने अक्षर लावत बसतात.

हे पाहून आपली नातवंडेही इथल्याच दप्तरांत आपली माणसे शोधू लागतात. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत, मुंबई इलाख्यातल्या लग्नांच्या नोंदीही आहेत. पण त्या चर्चच्या. आपले कितीतरी पूर्वज कंपनीच्या पलटणीत होते, तरी त्यांची लग्ने काही पाद्र्याने लावली नव्हती!

आमचे स्पष्ट मत असे, की आपली वही आपल्याच घरांत विखुरली आहे. केतुब्यात नवरा-नवरीची व त्यांच्या वडिलांची नावे, तारीख, ठिकाण असते. जुन्या फोटोमागे आजीने दोन ओळी लिहिलेल्या असतात. कोकणातल्या कबरींवर हिब्रूबरोबर मराठी लेख असतो. अडचण ती वाचणार कोण, ही आहे. इथे जन्मलेल्या मुलांना मराठी बोललेले थोडेफार कळते, पण देवनागरी लागत नाही. मोडी तर आपल्यालाच लागत नाही.

त्यात नावांचा घोळ. १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधणारे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. ठाऊक नसेल त्याला ही दोन माणसे वाटतील. परदेशात बापाचे नावच पुष्कळांचे आडनाव झाले, ‘कर’ गळाला आणि त्याबरोबर रोहे, पेण, किहीमही गेले.

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपला इतिहास १८९७ साली लिहिला, तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे थांबायला आता आपल्यापाशी सवड नाही. मराठी वाचणारे आपण सगळे साठीच्या पुढचे.

आम्हा नर्सांना पहिल्या वर्षीच शिकवतात, लिहिले नाही ते केलेच नाही. तेव्हा प्रत्येक केतुब्याचा, कबरीचा फोटो काढा आणि शेजारी मजकूर इंग्रजीत लिहा: घरातले नाव, कागदावरचे नाव, गाव, मशीद. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते मात्र कुठेही चढवू नका. आणि लग्नाकार्याला भारतात जाल, तेव्हा एक दिवस अलिबाग, रेवदंडा, नवगावसाठी ठेवा. खाऱ्या वाऱ्याने तिथल्या दगडांवरची अक्षरे झिजत चालली आहेत. सोबत नातवाला न्या, फोटो तो चांगले काढील.