उद्या सकाळी बघू

सध्या पोस्टिंग बेंगळुरूला आहे. क्वार्टर मिळेपर्यंत मुक्काम एचएसआर लेआउटमध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. संध्याकाळी इथल्या रस्त्यांवर माणसं जितकी फिरतात, जवळजवळ तितकीच कुत्री फिरतात. लॅब्रडोर, शित्झू, या हवेत बिचारा हस्कीसुद्धा. त्यांचे वाढदिवस होतात, केक कापले जातात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्याला मुकं जनावर जवळ करता येतं तो माणूस बहुधा बरा असतो, असं मी वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं आहे.

माझी तक्रार तीन शब्दांबद्दल आहे. "उद्या सकाळी बघू." मोठ्या कुत्र्याचं पोट बिघडलं तर हे शब्द बऱ्याचदा खपून जातात. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत ती मृत्यूची शिक्षा ठरू शकते, आणि ती आपण प्रेमाने, अंगावर दुलई पांघरून सुनावतो.

गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीत हे झालं. खालच्या मजल्यावर कोल्हापूरकडचं एक तरुण जोडपं राहतं. दोघंही आयटीत. त्यांनी पिल्लू आणलं. विकणाऱ्याने सांगितलं, "पंचेचाळीस दिवसांचं आहे, वॅक्सिन झालंय." आठवड्याने पिल्लाने सकाळचं खाणं सोडलं. दुपारी दोन उलट्या. संध्याकाळी पातळ शी. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. दहीभात द्या. नारळपाणी द्या. माणसांची जुलाब थांबवायची अर्धी गोळी द्या. दात येत असतील. नवीन घर आहे, रुसलं असेल. आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, उद्या सकाळी बघू.

रात्री साडेदहाला मुलगा माझ्या दारात. "काका, तुमच्याकडे फौजेत कुत्री असतात ना? जरा बघता का?" मी डॉक्टर नाही. पण पिल्लाचा ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्या फटक. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. शीमध्ये रक्त आणि वास असा, की एकदा घेतला तर विसरत नाही. म्हटलं, गाडी काढ. अकराच्या सुमारास दवाखान्यात पोहोचलो. तपासणीत पार्व्हो निघाला. सलाईन लागलं, डॉक्टरांनी रात्रभर झुंज दिली. पहाटे पिल्लू गेलं.

त्या जोडप्याचं प्रेम कमी पडलं असं कोणी म्हणू नये. त्यांना दिवसभर चुकीची गोष्ट सांगितली गेली, आणि सांगणारे सगळे सुशिक्षित होते.

आता ही घाई कशासाठी ते सांगतो. पार्व्हो विषाणू 1978 च्या सुमारास कुत्र्यांमध्ये जगभर पसरला. शरीरात जिथे पेशी भराभर तयार होतात तिथे तो घुसतो. म्हणजे आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. अस्तर फाटलं की पाणी आणि रक्त बाहेर जातं, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, आणि मगज मार खात असल्याने त्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडतात. किल्ल्याची भिंत पडली आणि त्याच वेळी शिबंदीही आजारी, असा प्रकार. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्लं मरतात. वेळेत सलाईन, उलटी थांबवणारं औषध, अँटिबायोटिक आणि चांगली देखभाल मिळाली तर बहुतेक वाचतात. या दोन वाक्यांमधला फरक बऱ्याचदा काही तासांचा असतो.

हिशेब करून पाहा. तीन किलोच्या पिल्लाच्या अंगातून तीनशे मिलीलीटर पाणी गेलं, की वजनाचा दहावा हिस्सा गेला. दोन-तीन कप चहाएवढंच हे पाणी. सत्तर किलोच्या जवानाच्या अंगातून सात लिटर गेलं, तर त्याला कोणी "सकाळी बघू" म्हणेल का? शिवाय पिल्लाच्या अंगात साखरेचा साठाही तुटपुंजा. खाणं थांबलं की काही तासांत ते लुळं पडू शकतं.

यावर लोक म्हणतात, प्रत्येक उलटीला डॉक्टर गाठायचा का? पिल्लं काहीही खातात, ओकतात. मान्य. एकदा ओकून पुन्हा चप्पल चावायला धावणारं पिल्लू मीही घरीच ठेवीन. पण चार महिन्यांच्या आतलं पिल्लू मलूल होऊन खाणं सोडतं आणि त्यात उलटी किंवा जुलाब होतात, तेव्हा चर्चा संपली. शीमध्ये रक्त दिसण्याची वाट पाहायची नाही, ते बऱ्याचदा नंतर येतं. हिरडी बोटाने दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत आला पाहिजे. घरात थर्मामीटर ठेवा. गुदद्वारातून घेतलेला ताप साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतो. 103 च्या वर गेला तर धोका, आणि 99 च्या खाली उतरला तर त्याहून मोठा धोका. फिट येणं, पोट फुगणं, धाप लागणं, उभं न राहता येणं यांपैकी काहीही दिसलं तर रात्र आहे की दिवस हे विचारू नका.

आजार पार्व्होच आहे, की जंत, विषबाधा, आतड्यात अडकलेला मोजा, हे घरी बसून ठरवायचं नसतं. फौजेत जवानाला बरं नसेल तर तो सिक रिपोर्ट करतो. काय झालंय ते शेजारच्या खाटेवरचा दोस्त ठरवत नाही, एमआय रूममधले डॉक्टर ठरवतात. ऑक्टोबर 2022 मध्ये अनंतनागच्या कारवाईत झूम या आमच्या श्वानाला दोन गोळ्या लागल्या. त्याला लगेच श्रीनगरच्या लष्करी पशुवैद्यकीय रुग्णालयात हलवलं, शस्त्रक्रिया केली. 13 तारखेला तो गेला. तो वाचला नाही, पण त्याच्यासाठी कोणी वेळ वाया घालवला, असं कोणाला म्हणता येणार नाही. रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचं ब्रीदच आहे, पशु सेवा अस्माकं धर्मः.

दुसरा राग विकणाऱ्यांवर. 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. "पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू" ही जाहिरातच नियम मोडल्याची कबुली आहे, आणि आपण ती वाचून पैसे पाठवतो. "वॅक्सिन झालंय" हेही अर्धसत्य. आईकडून मिळालेलं संरक्षण अंगात असेपर्यंत लस नीट काम करत नाही, आणि ते कधी संपेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस द्यावे लागतात. एका टोच्याने कवच मिळत नाही. तोवर पिल्लाला रस्त्यावर, बागेत, आगरा तलावाच्या काठावर सोडू नका. विषाणू मातीत महिनोन्‌महिने जगतो आणि आपल्या बुटांवरून घरात येतो. फिनाईलवर विसंबू नका. फरशी आधी धुऊन मग पातळ केलेलं ब्लीच वापरा. पिल्लू गेलं म्हणून पुढच्या आठवड्यात त्याच घरात लस न झालेलं दुसरं आणू नका.

गेटबाहेरच्या पिल्लांकडेही पाहा. त्यांचा रोग आणि आपल्या सोफ्यावरच्या पिल्लाचा रोग एकच आहे, त्याला सिक्युरिटी गार्ड अडवत नाही.

आता ऑर्डर. पिल्लू घरी यायच्या आधी रात्रभर उघडा असणारा दवाखाना शोधा, नंबर फ्रिजवर चिकटवा. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय नावाजलेलं आहे, पण एचएसआरहून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि मध्ये सिल्क बोर्डचं ट्रॅफिक. दुखलं म्हणून माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन विष ठरू शकतात. ओकणाऱ्या पिल्लाच्या घशात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. लुळं पडलं असेल तर हिरडीला थोडा मध चोळा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि निघा. पण लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, वागणं विचित्र असेल तर तोंडाजवळ हात नेऊ नका, तो रेबीज असू शकतो. चावलं किंवा लाळ जखमेला लागली तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन स्वतः लस घ्यायला जा.

निवृत्त मित्रांनो, शेवटी तुमच्यासाठी. तुम्ही पुण्यात असा, साताऱ्यात असा की इथे, सोसायटीत तुमचा शब्द ऐकला जातो. ग्रुपवर दहीभाताचा सल्ला सुरू झाला की तुम्ही एवढंच लिहा, "गाडी काढा, मी खाली येतोय." रात्री अकराला असं लिहिल्याने थोडं हसू होईल. होऊ द्या.

जय हिंद.