तिला शोधायला कोण निघालं?

‘वुमन ऑफ द अवर’ या चित्रपटात स्टुडिओतल्या प्रेक्षकांत एक बाई बसलेली आहे. समोर जोडीदार निवडण्याचा टीव्ही कार्यक्रम चालू आहे आणि तिथल्या एका उमेदवाराला पाहून तिचे हातपाय गार पडतात. तिच्या मैत्रिणीचा जीव गेला, त्याच्या आधी तिच्यासोबत हाच माणूस दिसला होता. ती उठते, सांगायला धावते. तिचं कोणी ऐकून घेत नाही.

ही बाई लेखकाच्या कल्पनेतली असेल, पण तो माणूस खरा. रॉडनी अल्काला १९७८ मध्ये अमेरिकेतल्या ‘द डेटिंग गेम’मध्ये बसला, गोड बोलला आणि जिंकला. त्याच्या आधी एका आठ वर्षांच्या मुलीवरच्या हल्ल्यासाठी तो तुरुंगात जाऊन आला होता. त्याला निवडणाऱ्या तरुणीला नंतर त्याच्याशी बोलताना काहीतरी खटकलं आणि तिने त्याच्याबरोबर जायचं नाकारलं. दिग्दर्शक ॲना केंड्रिकने कॅमेरा त्याच्यापेक्षा बायकांच्या चेहऱ्यांवर जास्त ठेवला आहे. कुठे हसायचं, कुठे गप्प बसायचं, कुठून निसटायचं याचा हिशेब त्या डोळ्यांत सतत चाललेला दिसतो.

चित्रपट संपला आणि मला ऑगस्ट २०१६ आठवला.

पोलादपूर-महाडच्या माणसाला तो महिना विसरता येणार नाही. २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या. नौदल आलं, तटरक्षक दल आलं, एनडीआरएफच्या बोटी आल्या. पुराच्या पाण्यात लोहचुंबक सोडून गाड्या शोधल्या. कितीतरी दिवस काठावर नातेवाईक बसून होते. आम्हीही रोज एकच विचारायचो, आज कोण सापडलं?

त्याच पंधरवड्यात आंबेनळी घाटाच्या पलीकडून दुसरी बातमी आली. वाईजवळच्या धोम गावात एका फार्महाऊसच्या आवारात पोलीस खणत होते आणि जमिनीतून मृतदेह निघत होते. पोलादपुरातून निघालं की महाबळेश्वर, पाचगणी, पसरणीचा घाट आणि वाई. आमच्या कितीतरी घरांचं तिकडे जाणं-येणं. कृष्णा आणि सावित्री दोघी क्षेत्र महाबळेश्वरच्या एकाच देवळातून निघतात अशी आपली श्रद्धा. एक धोमकडे जाते, एक आमच्याकडे उतरते. त्या ऑगस्टमध्ये दोघींच्या काठावर माणसं शोधली जात होती. फरक एवढाच, की धोमच्या मातीतली काही माणसं कित्येक वर्षं तिथेच होती.

या प्रकरणात डॉक्टर म्हणवून घेणाऱ्या संतोष पोळवर सहा खुनांचा आरोप ठेवला गेला. पाच बायका आणि एक पुरुष. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पहिला खून २००३ मधला, शेवटचा जून २०१६ मधला. म्हणजे तेरा वर्षं. या तेरा वर्षांत तो लपून बसला नव्हता. गावात त्याला ‘डॉक्टर’ म्हणून हाक होती आणि अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रारी करणारा म्हणून दरारा होता.

आमच्या खोऱ्यात राहणाऱ्याला ‘डॉक्टर’ या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको. पुरुष मुंबईला, घरात म्हातारी आणि सून. पावसात ओढा भरला की तालुक्याची वाट बंद. अशा वेळी पेटी घेऊन मोटरसायकलवरून येणारा माणूस देवासारखा वाटतो. भिंतीवरचं प्रमाणपत्र कोणी वाचत नाही. पाहुणा ओटीवर थांबतो, डॉक्टर माजघरापर्यंत जातो. म्हणून ‘तिने विश्वास ठेवलाच कसा?’ हा प्रश्न मला सहन होत नाही. सगळ्या गावाने ठेवला होता. तिने एकटीने वेगळं काय केलं?

२०२० मध्ये याच प्रकरणावर बेतलेली ‘देवमाणूस’ मालिका झी मराठीवर आली आणि घराघरांत पाहिली गेली. किरण गायकवाडने काम उत्तम केलं, यात शंका नाही. पण लोकांच्या लक्षात राहिला तो डॉक्टर. त्याचं हसणं, त्याच्या युक्त्या, तो आज कसा सुटणार याची उत्कंठा. बायका एकेक करून येत गेल्या आणि संपत गेल्या. धोमपासून दोन-अडीच तासांवर राहून ते पाहणं मला जड गेलं, आणि आजही मी ते मनोरंजन म्हणून स्वीकारू शकत नाही.

आमच्याकडून जाणाऱ्या मुंबई-गोवा रस्त्याने खाली उतरत गेलं की गोवा लागतं. तिथल्या फोंडा तालुक्यातल्या महानंद नाईकला २००९ मध्ये पकडलं. १९९४ पासून सोळा बायकांच्या खुनांचे आरोप, बहुतेक गरीब घरच्या. लग्नाचं वचन द्यायचं, दागिने घालून यायला सांगायचं, दुपट्ट्याने गळा आवळायचा. पंधरा वर्षं हे चाललं, कारण बाई घरी आली नाही की सर्वांच्या मनात पहिलं वाक्य येतं, ‘गेली असेल कोणाबरोबर.’ अब्रूपायी घरचे चार दिवस थांबतात. चौकीतही तोच प्रश्न विचारला जातो, तिचं कोणाशी काही होतं का? सावित्रीच्या काठावर असं कोणाबद्दल कोणी विचारलं नाही. प्रवासी हरवला की शोधायचा असतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

धोमचं प्रकरण उघड झालं ते मंगल जेधे यांच्यामुळे. त्या अंगणवाडी सेविका होत्या, सेविकांच्या संघटनेच्या अध्यक्षा होत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला निघाल्या आणि पोचल्या नाहीत. त्यांच्या घरच्यांनी विचारणं सोडलं नाही. फोनच्या नोंदींवरून तपास पुढे सरकला आणि फार्महाऊसपर्यंत पोचला.

आमच्या वाड्यांवरच्या अंगणवाडीच्या ताई मी रोज पाहतो. त्यांच्या वहीत वाडीवरच्या प्रत्येक गरोदर बाईचं नाव असतं, प्रत्येक लेकराचं वजन असतं. दोन दिवस कोणी दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी त्या चिखल तुडवत तिच्या दारात उभ्या राहतात आणि ओटीवरूनच हाक मारतात, ‘अगं, आली नाहीस ती?’